यादी आत, आकडा बाहेर: पायथनमधली कमांड कशी लिहावी आणि कशी तपासावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सर्व्हरच्या लॉग फायली वाचून कुठली एरर किती वेळा आली हे मोजणारी ‘लॉगगणती’ नावाची एक युटिलिटी आहे. आर्ग्युमेंट वाचण्यापासून रिपोर्ट छापण्यापर्यंत सगळं एकाच लांबलचक मेन फंक्शनमध्ये आहे आणि फाइलीच्या तळाशी नेहमीची ‘नेम हे मेन असेल तर’ ही अट आहे. टेस्ट सबप्रोसेसने, म्हणजे कमांड वेगळा प्रोसेस म्हणून सुरू करून, चालवल्या तर फार वेळ खातात आणि कव्हरेज (टेस्टमध्ये किती कोड चालला त्याचं माप) कोरं येतं. सिस.आर्गव्ही (कमांडला दिलेल्या आर्ग्युमेंटची यादी) मंकीपॅच केलं, म्हणजे टेस्टपुरतं बदललं, तर जमतं, पण मनाला पटत नाही. आणि खरी डोकेदुखी अशी की फाइल थेट चालवली तर सगळं ठीक, पण पिपने (पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरने) इन्स्टॉल केलेली कमांड काम पूर्ण करूनही सीआयमध्ये (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) फेल होते, वर एररच्या आउटपुटमध्ये अख्खी डिक्शनरी ओकते.

या शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण तिचं कारण समजलं की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बरीचशी त्यातूनच निघतात.

पायप्रोजेक्ट.टॉमल या पॅकेजच्या सेटिंग्जच्या फाइलीतल्या ‘प्रोजेक्ट.स्क्रिप्ट्स’ या टेबलात तुम्ही ‘लॉगगणती’ या नावासमोर ‘लॉगगणती.सीएलआय:मेन’ असं लिहिलं असणार. कोलनच्या डावीकडे मॉड्यूल, उजवीकडे फंक्शन. पॅकेज इन्स्टॉल होताना पिप ही ओळ वाचतो आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या बिन फोल्डरमध्ये, विंडोजवर स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये, एक छोटी फाइल तयार करतो. विंडोजवर ती ईएक्सई असते. लिनक्स किंवा मॅकवर असाल तर ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघाच. जेमतेम काही ओळी असतात: तुमच्या मॉड्यूलमधून मेन इम्पोर्ट करायचं, सिस.आर्गव्हीतलं पहिलं नाव जरा साफ करायचं आणि मग सिस.एक्झिट(मेन()). बस.

त्या शेवटच्या ओळीत दोन गोष्टी ठरून गेल्या आहेत. एक, मेनला कुठलंही आर्ग्युमेंट न देता बोलावलं जाणार. दोन, मेन जे काही रिटर्न करेल ते थेट सिस.एक्झिटच्या हातात पडणार. सिस.एक्झिटचे नियम सरळ आहेत: नन (पायथनमधलं ‘काहीच नाही’) मिळालं तर एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना शेलला कळवायचा आकडा, 0 (जमलं), पूर्णांक मिळाला तर तोच कोड, आणि याव्यतिरिक्त काहीही मिळालं तर ते स्टँडर्ड एररवर छापायचं आणि कोड 1 द्यायचा. तुमचं मेन शेवटी मोजणीची डिक्शनरी रिटर्न करतंय. म्हणून ती छापली जाते आणि सीआयला 1 दिसतो. डिक्शनरी रिकामी असली तरी तेच. फाइल थेट चालवताना हे दिसत नाही, कारण तळाच्या अटीखाली तुम्ही नुसतं मेन() लिहिलंय आणि त्याने काय परत दिलं याकडे तिथे कुणी बघत नाही.

तेव्हा पहिली दुरुस्ती: मेन फक्त पूर्णांक रिटर्न करेल, आणि तळाच्या अटीखालीसुद्धा सिस.एक्झिट(मेन()) असंच लिहायचं. दोन्ही वाटांनी एकच वागणूक मिळाली पाहिजे.

पूर्णांक म्हटलं तरी त्यात खाचखळगे आहेत. पायथनमध्ये ट्रू हा पूर्णांकच आहे, त्याची किंमत 1. त्यामुळे ‘काम झालं’ या अर्थाने ट्रू रिटर्न केलं की शेलच्या लेखी कमांड फेल, आणि फॉल्स रिटर्न केलं की पास. दुसरं म्हणजे, सापडलेल्या एररची संख्याच एक्झिट कोड म्हणून द्यायचा मोह अनेकांना होतो. पॉझिक्स सिस्टिमवर (लिनक्स, मॅक वगैरे) एक्झिट कोडचे खालचे आठच बिट शेलपर्यंत पोचतात. म्हणजे 256 एरर सापडल्या तर कोड 0, सगळं आलबेल! आकडा सांगायचा असेल तर तो आउटपुटमध्ये सांगा. कोडसाठी 0, 1 आणि 2 एवढेच पुरतात: जमलं, नाही जमलं, आणि कमांडच चुकीची दिली. हा 2 आर्गपार्स, म्हणजे आर्ग्युमेंट वाचणारी पायथनची लायब्ररी, स्वतःच देतो, तो वेगळ्या अर्थाने वापरू नका. ग्रेप किंवा डिफसारखं ‘काही सापडलं’ हे कोडमधून कळवायचं असेल तर त्यासाठी वेगळा फ्लॅग ठेवा. मुकाट्याने तसं वागलात तर ‘लॉगमध्ये एरर आहेत’ आणि ‘लॉग उघडताच आला नाही’ यांतला फरक सीआयला कळणार नाही.

आता मेनची सही, म्हणजे ते कोणते पॅरामीटर घेतं. मेनला आर्गव्ही नावाचा एक पॅरामीटर द्या आणि त्याचं डिफॉल्ट नन ठेवा. ही पद्धत नवी नाही. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी 2003 मध्येच ती सुचवली होती. आत पार्सरला पार्स_आर्ग्ज(आर्गव्ही) असं बोलवायचं. नन मिळालं तर आर्गपार्स आपणहून सिस.आर्गव्हीतलं पहिलं नाव सोडून उरलेलं घेतो. इन्स्टॉल केलेली कमांड मेनला मोकळंच बोलावते, तिचं काम यावर भागतं. टेस्टमध्ये मात्र आपल्याला हवी ती यादी देता येते: मेन([‘अ.लॉग’, ‘--लेव्हल’, ‘एरर’]). यादी आत, आकडा बाहेर. या एका बदलाने मेन हे इतर कुठल्याही फंक्शनसारखं साधं फंक्शन होतं आणि सिस.आर्गव्हीला हात लावायची गरज जवळजवळ संपते. ‘जवळजवळ’ अशासाठी की मेन() मोकळं बोलावल्यावर खरोखर सिस.आर्गव्ही वाचलं जातं का, याची एक टेस्ट असावी. तिथे मंकीपॅच वापरा, त्यात काही पाप नाही. फक्त तिथल्या यादीचा पहिला घटक प्रोग्रॅमचं नाव असतो हे विसरू नका, आणि मेनला थेट देता त्या यादीत तो नसतो हेही.

इथे दोन चुका नेहमी बघायला मिळतात. पहिली, डिफॉल्ट नन न ठेवता सिस.आर्गव्हीचा तुकडाच सहीमध्ये लिहिणं. डिफॉल्टची किंमत फंक्शन तयार होताना एकदाच ठरते, म्हणजे मॉड्यूल इम्पोर्ट झालं त्या क्षणी सिस.आर्गव्हीत जे होतं ते कायमचं चिकटतं. दुसरी, पॅरामीटर घेतला पण पार्स_आर्ग्जला द्यायचाच राहिला. त्याचं लक्षण गमतीशीर असतं: टेस्ट चालवली की आर्गपार्स पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या टूलचीच आर्ग्युमेंट वाचतो आणि ‘अनरेकग्नाइज्ड आर्ग्युमेंट्स’ म्हणून तुम्ही आयुष्यात कधी न लिहिलेल्या फ्लॅगबद्दल तक्रार करतो. असं दिसलं की आर्गव्ही वाटेत कुठे गळाला ते शोधा.

मोठं मेन फोडायचं कसं? तीन तुकडे पुरतात. एक फंक्शन पार्सर बांधून परत देतं. दुसरं खरं काम करतं. तिसरं मेन, जे या दोघांची गाठ घालून देतं. कामाच्या फंक्शनला आर्गपार्सची नेमस्पेस (वाचलेली आर्ग्युमेंट ठेवलेलं ऑब्जेक्ट) देऊ नका. पाथ, लेव्हल, मर्यादा अशा साध्या किमती द्या. नेमस्पेस आत शिरली की तिच्या टेस्टसाठी खोट्या नेमस्पेस रचत बसावं लागतं, आणि उद्या एखादा फ्लॅग बदलला की मोजणीचा कोडही हलतो. मोजणीच्या टेस्ट मेनला न शिवता, थेट त्या फंक्शनवर लिहा. तुमच्या बहुतेक टेस्ट तिथेच असायला हव्यात. मेनच्या टेस्टनी फक्त एवढंच बघायचं की फ्लॅग योग्य किमतीत उतरतात का, आउटपुट कुठे जातं आणि कोड काय मिळतो.

एक्सेप्शन पकडायची जागा मेनच. फाइल नाही, परवानगी नाही, ओळीचं स्वरूप बिघडलेलं, अशा अपेक्षित गोष्टींसाठी ओएसएरर आणि तुमचा स्वतःचा एक एरर क्लास तिथे पकडा, स्टँडर्ड एररवर एक ओळ छापा, 1 रिटर्न करा. सरसकट ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ लावून सगळंच गिळू नका. कोडमध्ये खरा बग असेल तर ट्रेसबॅक (चूक कुठे झाली ते दाखवणारी यादी) दिसलाच पाहिजे, त्याविना वापरणारा तुम्हाला काय पाठवणार? आणि कामाच्या फंक्शनच्या पोटात सिस.एक्झिट कधीही नको. ते सिस्टिमएक्झिट हे एक्सेप्शनच फेकतं, आणि ते ‘एक्सेप्शन’ या क्लासच्या नव्हे तर बेसएक्सेप्शनच्या वंशातलं आहे. म्हणून नेहमीच्या एक्सेप्टमधून ते निसटतं, पण नुसत्या उघड्या एक्सेप्टमध्ये अडकतं. कोण कुठे थांबेल याचा मग भरवसा उरत नाही.

मॉड्यूल इम्पोर्ट होताना काहीही घडता कामा नये: कॉन्फिग वाचणं नको, पार्सिंग नको. जड लायब्ररी लागत असतील तर त्या ज्या सबकमांडला हव्यात तिच्या फंक्शनमध्ये इम्पोर्ट करा, नाहीतर --हेल्पसुद्धा रांगत येतो. वेळ कोण खातंय ते पायथनच्या ‘-एक्स इम्पोर्टटाइम’ या पर्यायाने दिसतं, 3.7 पासून तो आहे.

आता प्रत्यक्ष टेस्ट. पायटेस्टचे टीएमपी_पाथ आणि कॅपसिस हे दोन फिक्स्चर, म्हणजे टेस्टला मिळणारी तयार साधनं, घ्या: पहिलं तात्पुरतं फोल्डर देतं, दुसरं छापलेलं आउटपुट पकडतं. टीएमपी_पाथमध्ये तीन ओळींची लॉग फाइल लिहा, दोन ओळी एररच्या, एक इन्फोची. मेनला तिचा पाथ स्ट्रिंग करून द्या. पाथ ऑब्जेक्ट तसंच देऊ नका, कारण खऱ्या कमांडला नेहमी स्ट्रिंगच मिळते. मग कॅपसिसच्या रीडआउटएररने दोन्ही आउटपुट एकदम उचला आणि तीन गोष्टी तपासा: रिटर्न 0 आहे, स्टँडर्ड आउटपुटमध्ये 2 हा आकडा योग्य ओळीत आहे, आणि स्टँडर्ड एरर अगदी रिकामं आहे. ही तिसरी तपासणी बहुतेक जण गाळतात. तीच फार कामाची आहे. ‘फाइल वाचतोय…’ असला एखादा प्रेमळ संदेश चुकून स्टँडर्ड आउटपुटवर गेला की पुढे पाइपमध्ये बसलेल्या प्रोग्रॅमच्या पोटात तो जातो. डेटा एका नळाने, गप्पा दुसऱ्या नळाने, आणि टेस्टने दोन्ही नळ बघायचे. चुकीच्या पाथची टेस्ट याच्या बरोबर उलटी: कोड 1, स्टँडर्ड आउटपुट रिकामं, एररमध्ये त्या फाइलीचं नाव.

आर्गपार्सने नाकारलेल्या आर्ग्युमेंटची टेस्ट वेगळी पडते, कारण तिथे मेन काही रिटर्न करत नाही, सिस्टिमएक्झिट फेकलं जातं. पायटेस्ट.रेझेसच्या विथ ब्लॉकमध्ये ते पकडायचं. इथला नेहमीचा घोळ असा की मेनच्या कॉलखाली, त्याच ब्लॉकमध्ये, असर्ट लिहिलेला असतो. कॉलने एक्सेप्शन फेकलं की ब्लॉकमधली पुढची ओळ चालतच नाही. असर्टमध्ये काहीही बरळलं तरी टेस्ट हिरवी. असर्ट ब्लॉकच्या बाहेर, एका इंडेंटने डावीकडे हवा, आणि त्यात पकडलेल्या माहितीच्या व्हॅल्यू.कोडची 2 शी तुलना हवी. नुसतं ‘सिस्टिमएक्झिट आलं’ एवढ्यावर समाधान मानू नका. --हेल्पसुद्धा सिस्टिमएक्झिटच फेकतो, कोड 0 घेऊन.

हेल्पचा अख्खा मजकूर टेस्टमध्ये जपून ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. पायथन 3.10 मध्ये ‘ऑप्शनल आर्ग्युमेंट्स’ हे शीर्षक बदलून ‘ऑप्शन्स’ झालं, आणि अशा टेस्ट एका रात्रीत लाल झाल्या. 3.14 मध्ये हेल्पला रंग आले. शिवाय ओळींची रुंदी कॉलम्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर आणि टर्मिनलच्या आकारावर ठरते, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवरचा मजकूर सीआयमध्ये वेगळ्या ठिकाणी मोडतो. हेल्पमध्ये तुमच्या फ्लॅगचं नाव आहे, एवढं बघा आणि पुढे चला. पार्सर बांधताना प्रॉग हा पॅरामीटर मात्र स्वतः भरा. नाहीतर ‘पायथन -एम’ने चालवल्यावर जुन्या आवृत्त्यांत कमांडचं नाव म्हणून ‘अंडरस्कोर मेन डॉट पाय’ असलं काहीतरी दिसतं. 3.14 मध्ये हे सुधारलंय, पण तुमचे सगळे वापरकर्ते तिथे पोचलेले नसतील.

कॅपसिस वापरूनही आउटपुट हाती लागत नाही, अशी तक्रार आली की मी आधी फंक्शनच्या सह्या बघतो. रिपोर्ट छापणाऱ्या फंक्शनचा फाइल पॅरामीटर, डिफॉल्ट सिस.स्टडआउट. पुन्हा तोच प्रकार: डिफॉल्ट इम्पोर्टच्या वेळी ठरलं, कॅपसिसने सिस.स्टडआउट नंतर बदललं, फंक्शन जुन्याच स्ट्रीमवर लिहीत बसलं. डिफॉल्ट नन ठेवून आत सिस.स्टडआउट घ्या.

लॉगिंगचा घोळ याचाच भाऊ, पण जास्त छळतो. मेन प्रत्येक वेळी रूट लॉगरला (सगळ्या लॉगरच्या मुळाशी असलेल्या लॉगरला) एक स्ट्रीम हँडलर, म्हणजे लॉग संदेश स्ट्रीमवर लिहिणारा भाग, जोडतं. पहिल्या टेस्टमध्ये तो हँडलर त्या क्षणीचा सिस.स्टडएरर, म्हणजे कॅपसिसचा त्या टेस्टपुरता स्ट्रीम, धरून ठेवतो. टेस्ट संपते, स्ट्रीम बंद होतो. दुसऱ्या टेस्टमध्ये तो जुना हँडलर रूट लॉगरवर तसाच असतो. पुढचा लॉग संदेश बंद स्ट्रीमवर जातो आणि ‘आय/ओ ऑपरेशन ऑन क्लोज्ड फाइल’ अशी बोंब होते. एकटी चालवली तर प्रत्येक टेस्ट पास, ओळीने चालवल्या की धिंगाणा. लॉगिंग.बेसिककॉन्फिग वापरलं तर पायटेस्टचे हँडलर रूटवर आधीच असल्याने ते टेस्टमध्ये काहीच करत नाही. 3.8 पासून त्याला फोर्स=ट्रू देता येतं, पण ते रूटवरचे सगळे हँडलर उपटून टाकतं, त्यात पायटेस्टच्या कॅपलॉगचाही (लॉग संदेश पकडणाऱ्या फिक्स्चरचाही) जातो. मला पटलेला उपाय साधा आहे: लॉगिंगची मांडणी एका वेगळ्या छोट्या फंक्शनमध्ये ठेवा, मेनने ते बोलवावं, आणि टेस्टमध्ये एका ऑटोयूज (प्रत्येक टेस्टला आपोआप लागणाऱ्या) फिक्स्चरने त्या फंक्शनच्या जागी काहीच न करणारं फंक्शन बसवा. लॉगमधला मजकूर तपासायचा असेल तर मग कॅपलॉग नीट चालतो.

आर्गपार्सच्या काही सवयी टेस्ट लिहितानाच उघड्या पडतात, म्हणून त्या इथेच सांगतो. टाइप=बूल कधीही देऊ नका; ‘फॉल्स’ ही रिकामी नसलेली स्ट्रिंग आहे, म्हणून तिचं ट्रू होतं. त्याऐवजी स्टोअर_ट्रू, किंवा हो-नाही अशी जोडी हवी असेल तर 3.9 पासूनचं बूलियनऑप्शनलअ‍ॅक्शन. सबकमांड असतील तर त्या मुळात सक्तीच्या नसतात. नुसतं ‘लॉगगणती’ टाइप करून एंटर दाबला की नेमस्पेसमध्ये फंक म्हणून काही नाही, अशा अर्थाचा ॲट्रिब्यूटएरर ट्रेसबॅकसकट तोंडावर येतो. सबपार्सर बनवताना रिक्वायर्ड=ट्रू द्या आणि सोबत डेस्टही द्या. रिकाम्या यादीने मेन बोलावणारी टेस्ट, मेन([]), प्रत्येक सीएलआयला असावी. आश्चर्य वाटेल इतक्या कमांड तिथेच कोसळतात. फाइलटाइप वापरू नका. तो पार्सिंग होतानाच फाइल उघडून ठेवतो, पुढच्या आर्ग्युमेंटमध्ये चूक निघाली तर ती उघडीच राहते, आणि 3.14 मध्ये त्याला डेप्रिकेटेड ठरवलंय. पाथ घ्या, वेळ आली की उघडा. पाथच्या जागी नुसतं वजाचं चिन्ह आलं तर स्टँडर्ड इनपुट वाचायचं, हा जुना रिवाजही पाळा, टेस्टमध्ये सिस.स्टडइनच्या जागी स्ट्रिंगआयओ (मेमरीतली खोटी फाइल) बसवलं की झालं.

आणि एक छुपी सवय: आर्गपार्स लांब फ्लॅगची संक्षिप्त रूपं स्वीकारतो. तुमच्याकडे --लेव्हल असेल तर कुणीतरी आपल्या स्क्रिप्टमध्ये --लेव्ह लिहून मोकळं होतं आणि ते चालतं. पुढे तुम्ही त्याच अक्षरांनी सुरू होणारा दुसरा फ्लॅग आणलात की त्यांची स्क्रिप्ट मोडते. पार्सरला अलाउ_अ‍ॅब्रेव्ह=फॉल्स पहिल्याच आवृत्तीत द्या. नंतर दिलात तर तुम्हीच मोडणारे ठरता.

इथवर सबप्रोसेस कुठेच लागला नाही, आणि कव्हरेजचा प्रश्नही सुटला, कारण सगळं एकाच प्रोसेसमध्ये चाललं. पण प्रोसेसच्या आत राहून दिसत नाहीत अशा काही जागा आहेत. त्यांच्यासाठी मोजक्या सबप्रोसेस टेस्ट ठेवा, बोटांवर मोजण्याइतक्या.

त्या लिहिताना ‘पायथन’ या नावाने कमांड चालवू नका, सिस.एक्झिक्युटेबल वापरा, नाहीतर दुसऱ्याच एन्व्हायर्नमेंटचा पायथन उचलला जातो. सिस.एक्झिक्युटेबल, -एम, पॅकेजचं नाव, मग आर्ग्युमेंट. यासाठी पॅकेजमध्ये अंडरस्कोरवाली मेन फाइल लागते, तिच्यात सीएलआय मॉड्यूलमधून मेन आणून सिस.एक्झिट(मेन()) एवढंच. टाइमआउट द्याच, एखादी कमांड स्टँडर्ड इनपुटची वाट बघत बसली तर सीआय लटकून राहतं. एन्व्हायर्नमेंट बदलायचं तर ओएस.एनव्हायरनची प्रत काढून त्यात भर घाला. रिकामी डिक्शनरी दिलीत तर पाथ जातो आणि विंडोजवर सिस्टमरूट नसल्याने पायथनच धड सुरू न होण्याची वेळ येते. आणि सीडब्ल्यूडी म्हणून टीएमपी_पाथ द्या. ‘-एम’ने चालवताना चालू फोल्डर इम्पोर्टच्या वाटेवर सगळ्यात पुढे येतं. रेपॉझिटरीच्या मुळात उभे असाल आणि पॅकेज तिथेच असेल तर इन्स्टॉल केलेली प्रत नव्हे, समोरचा सोर्स चालतो. व्हीलमध्ये (इन्स्टॉल करायच्या बांधीव पॅकेजमध्ये) एखादं सबपॅकेज किंवा डेटा फाइल घ्यायची राहिली असेल तर ते मग कधीच कळत नाही. सोर्स एका एसआरसी फोल्डरखाली ठेवायची पद्धत आहे ती याच कारणाने.

एन्कोडिंग ही यातली सगळ्यात दगाबाज जागा, आणि देवनागरी छापणाऱ्याला ती गाठतेच. समजा तुमची कमांड ‘एकूण त्रुटी: 2’ असं छापते. विंडोजच्या टर्मिनलवर नीट दिसतं, कारण 3.6 पासून पायथन कन्सोलशी युनिकोडमध्येच बोलतो. तेच आउटपुट फाइलीत वळवलं किंवा पाइपमधून पुढे दिलं की पायथन सिस्टिमचं कोडपेज वापरतो. ते सीपी1252 असेल तर त्यात ‘ए’ हे अक्षरच नाही, आणि युनिकोडएन्कोडएरर येतो. कॅपसिसचा स्ट्रीम यूटीएफ-8 असतो, म्हणून प्रोसेसच्या आतल्या टेस्टना याचा पत्ताही लागत नाही. ही अडचण कुठल्याही मशिनवर उभी करता येते: सबप्रोसेसच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पायथनआयओएन्कोडिंग हे व्हेरिएबल सीपी1252 करा आणि कमांड चालवा. उपाय म्हणजे कमांडच्या सुरुवातीला सिस.स्टडआउट आणि सिस.स्टडएरर यांना रीकॉन्फिगर करून एन्कोडिंग यूटीएफ-8 करणं. ही सोय 3.7 पासून आहे. मात्र टेस्टमध्ये सिस.स्टडआउटच्या जागी कुणी साधं स्ट्रिंगआयओ बसवलं असेल तर त्याला रीकॉन्फिगर ही मेथड नसते, म्हणून हे कामही लॉगिंगच्या मांडणीच्याच फंक्शनमध्ये ढकला. वाचणाऱ्या बाजूलाही, म्हणजे सबप्रोसेस.रनला, एन्कोडिंग यूटीएफ-8 असं स्पष्ट सांगा.

दुसरी जागा पाइपची. ‘लॉगगणती’चं आउटपुट हेडला (पहिल्या काही ओळी दाखवणाऱ्या कमांडला) दिलं, हेडने दहा ओळी घेतल्या आणि तो निघून गेला; तुमची कमांड लिहीतच राहिली तर ब्रोकनपाइपएरर येतो. तो मेनमध्ये पकडला तरी प्रोग्रॅम संपताना पायथन उरलेला बफर पुन्हा ढकलायला जातो आणि ‘एक्सेप्शन इग्नोर्ड’ असं काहीतरी पुन्हा छापतो. म्हणून पकडल्यावर ओएस.डप2 वापरून स्टँडर्ड आउटपुटचा डिस्क्रिप्टर डेव्हनलकडे (सगळं गिळून टाकणाऱ्या फाइलीकडे) वळवायचा आणि मग 1 रिटर्न करायचा. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये हीच कृती दिली आहे. टेस्टमध्ये पीओपनने कमांड सुरू करा, एक ओळ वाचा, आपल्या बाजूचा पाइप बंद करा, स्टँडर्ड एररमध्ये ट्रेसबॅक नाही हे बघा. आउटपुट भरपूर मोठं असू द्या, नाहीतर ते पाइपच्या बफरमध्येच मावतं आणि एरर येतच नाही. कंट्रोल-सीसाठी एवढंच: कीबोर्डइंटरप्ट पकडत असाल तर 130 रिटर्न करा, शेलच्या रिवाजाप्रमाणे 128 अधिक सिग्नलचा क्रमांक 2.

तिसरी जागा खुद्द ती टॉमलमधली ओळ. फंक्शनचं नाव बदललं, टॉमल तसंच राहिलं, सगळ्या टेस्ट हिरव्या आणि इन्स्टॉल केलेली कमांड मेलेली. यासाठी सबप्रोसेससुद्धा नको. इम्पोर्टलिब.मेटाडेटामधल्या एंट्री_पॉइंट्सला ग्रुप म्हणून कन्सोल_स्क्रिप्ट्स द्या (ग्रुपने अशी निवड 3.10 पासून करता येते), त्यातून आपल्या नावाचा घ्या, लोड() बोलवा आणि जे हाती येईल ते आपलं मेनच आहे का ते तपासा. एडिटेबल इन्स्टॉल (प्रत न करता सोर्सकडेच बोट दाखवणारं) करून काम करत असाल तर एक ध्यानात असू द्या: कोडमधले बदल लगेच दिसतात, पण एंट्री पॉइंटची, म्हणजे टॉमलमधल्या त्या ओळीची, नोंद इन्स्टॉलच्या वेळची असते. टॉमल बदललं की पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं. सीआयमध्ये व्हील बांधून, ते नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकून त्यावर या टेस्ट चालवल्या तर हा प्रश्नच येत नाही.

आर्गपार्सऐवजी क्लिक ही लायब्ररी वापरावी का, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. सबकमांडची झाडं वाढली असतील तर जरूर. टायपर आवडत असेल तर तोही क्लिकवरच उभा राहिला. पण वर सांगितलेले रिटर्नचे नियम तिथे तसेच लागू नाहीत. क्लिकच्या नेहमीच्या पद्धतीत कमांड फंक्शनने रिटर्न केलेली किंमत एक्झिट कोड होत नाही. रिटर्न 1 लिहिलंत तरी शेलला 0 मिळतो, म्हणजे तुमच्या आत्ताच्या अडचणीच्या नेमका उलटा प्रकार. तिथे कॉन्टेक्स्टचं एक्झिट(1) बोलवा किंवा क्लिकएक्सेप्शन फेका. त्याचा कोड 1 असतो, यूसेजएररचा 2. टेस्टसाठी सीएलआयरनर आहे, पण तो एक्सेप्शन गिळून रिझल्टमध्ये ठेवतो. नुसतं आउटपुट तपासलं तर कोसळलेली कमांडही पास ठरते. इन्व्होकला कॅच_एक्सेप्शन्स=फॉल्स द्या आणि एक्झिट_कोड प्रत्येक टेस्टमध्ये तपासा.